नोंद झाली, बोलणं राहिलं

औषधांच्या दुकानांविषयी वर्तमानपत्रांत दोन प्रकारच्या बातम्या हमखास येतात. पहिली छाप्याची: इतक्या गोळ्या पकडल्या, इतके परवाने निलंबित. दुसरी बंदची: औषधविक्रेत्यांचा अमुक तारखेला बंद, रुग्णांचे हाल. पहिलीत दुकानदार गुन्हेगार असतो, दुसरीत तोच पीडित असतो. काउंटरच्या अलीकडे उभा असलेला माणूस मात्र दोन्हींत नसतो. हातात चुरगळलेली चिठ्ठी धरून, 'ही गोळी किती दिवस घ्यायची?' हे विचारावं की नाही, या विचारात पडलेला. मागे रांग असते, म्हणून तो विचारत नाही. काउंटरच्या पलीकडच्यालाही घाई असते, म्हणून तो सांगत नाही. झोपेच्या, वेदनेच्या, चिंतेच्या गोळ्यांचा सगळा धोका या न झालेल्या बोलण्यात आहे. आपला कायदा, आपली तपासणी आणि आपला संताप मात्र वहीभोवती फिरतो.

मी भुशीची. डी. फार्म. करून, नंतरचं पाचशे तासांचं प्रशिक्षण उरकून फार्मासिस्ट म्हणून नोंदणी केली, त्याला आता वीस वर्षं होतील. त्यातली बरीचशी मी लोणावळ्यात आणि पुण्यात काउंटरमागे उभी राहून काढली आहेत. त्यामुळे हा लेख दुकानांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. तो माझ्याच पेशाच्या बाजूने आहे. माझा पेशा गोळ्या मोजून पाकिटात भरण्याचा आहे, असं समजणाऱ्या सगळ्यांच्या विरोधात आहे. त्यात दुकानदार आहेत, सरकार आहे, डॉक्टर आहेत आणि गिऱ्हाईकही आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण बहुतेकांना वाटतं की याबाबत कायदाच नाही. कायदा आहे, आणि भरपूर आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं, हा नियम तेव्हापासूनचा. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायची औषधं. त्यातली काही फार बेफाम विकली जातात, हे दिसल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये शेड्यूल एच-वन आलं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यात ४६ औषधं होती: वरच्या पिढीतली प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं, आणि अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रामाडॉल यांसारखी झोपेची, चिंतेची, खोकल्याची आणि वेदनेची औषधं. या औषधांसाठी स्वतंत्र वही ठेवायची. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं तीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. त्याच्याही वर शेड्यूल एक्स. त्यासाठी वेगळा परवाना, चिठ्ठीच्या दोन प्रती, एक दुकानात दोन वर्षं ठेवायची आणि माल कुलपात. शिवाय १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहेच. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ मध्ये त्याच्याही कक्षेत आलं.

या यादीतही गंमत आहे. २०१३ च्या मूळ एच-वन यादीत अल्प्राझोलाम होतं, पण त्याचंच भावंड क्लोनाझेपाम नव्हतं. एकाच कुळातल्या दोन गोळ्या, दोघींचीही सवय लागते, दोघीही एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात. पण एकीसाठी वही आणि दुसरीसाठी नुसती चिठ्ठी. रुग्णाच्या शरीराला हा फरक कळत नाही. तो कळतो फक्त तपासणीला येणाऱ्या निरीक्षकाला.

आता बोलण्याविषयी. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने जानेवारी २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स काढली. फार्मासिस्टने रुग्णाला काय सांगायचं, याची यादीच त्यात आहे. औषधाचं नाव आणि ते कशासाठी आहे, मात्रा किती, कसं आणि किती दिवस घ्यायचं, कोणती काळजी घ्यायची, कोणते दुष्परिणाम होऊ शकतात, ते ओळखायचे कसे, औषध ठेवायचं कुठे, एखादी वेळ चुकली तर काय करायचं. अंगात पांढरा कोट आणि त्यावर नावाचा बिल्ला असावा, हेही त्यात आहे. दहा वर्षं उलटून गेली. वाचकांनी आठवून पाहावं: गेल्या दहा वर्षांत किती दुकानांत पांढरा कोट दिसला? आणि त्या कोटातल्या माणसाने, न विचारता, तुम्हाला किती वाक्यं सांगितली?

वही तपासता येते. बोलणं तपासता येत नाही. म्हणून वही टिकली आणि बोलणं गेलं.

भुशीच्या माणसाला पाटीचं महत्त्व आणि पाटीची मर्यादा या दोन्ही गोष्टी कळतात. आमचं धरण जी.आय.पी. रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं. आता ते पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी ओळखलं जातं. ३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. पाण्याचा लोंढा वरून कसा अचानक येतो, हे गावातल्या पोरासोरांना माहीत असतं. बाहेरून आलेल्या माणसाला ते कुणीतरी जवळ उभं राहून सांगावं लागतं. पाटी लावली की प्रशासनाच्या कागदावर काम पूर्ण होतं. पण पाटी वाचणारा आणि पाण्यात उतरणारा माणूस यांच्यामध्ये कुणीतरी बोलणारा लागतो. एच-वनच्या पाकिटावरही अशीच पाटी असते. लाल चौकट, लाल अक्षरांतलं आरएक्स, आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे घेणं धोक्याचं आहे असा इशारा. तो इशारा असतो इंग्रजीत. मावळातल्या ठाकर वाडीवरून आलेल्या बाईला त्या चौकटीचा उपयोग किती?

एक उदाहरण देते. आमच्या शेजारच्या आजोबांना जबड्याचा कर्करोग झाला. दुखणं वाढत गेलं. एका डॉक्टरने एक गोळी लिहून दिली, पंधरा दिवसांनी दुसऱ्याने दुसरी. मुलाने दोन्ही चिठ्ठ्या एकाच दुकानात नेल्या आणि दोन्ही औषधं आणली. आजोबांना चक्कर, उलट्या, दिवसभर गुंगी. घरच्यांना वाटलं, आजार वाढला. मी पाकिटं बघितली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत मात्र दोन्हींत ट्रामाडॉल. म्हणजे माणूस दुप्पट मात्रा घेत होता. ट्रामाडॉलची मात्रा जास्त झाली तर झटके येऊ शकतात, नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ते घेतलं तर धोका आणखी वाढतो. ही पाठ्यपुस्तकातली माहिती आहे, त्यात गुपित काही नाही. आणि त्या दुकानाची वही? स्वच्छ. दोन चिठ्ठ्या, दोन डॉक्टर, दोन नोंदी, रुग्णाचं नाव तेच. निरीक्षक आला असता तर त्याने सही करून शाबासकी दिली असती. कायद्याच्या दृष्टीने तिथे काहीच चुकलं नव्हतं. 'आजोबा आणखी कोणत्या गोळ्या घेतात?' हा एकच प्रश्न विचारायचा राहिला होता.

म्हणून मला छाप्यांच्या बातम्यांनी समाधान होत नाही. छापे नकोत असं मी म्हणत नाही. मालेगावच्या बातम्यांतून 'कुत्ता गोळी' हे नाव सगळ्यांना माहीत झालं. ती अल्प्राझोलामची गोळी आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरलं जाणारं मेफेन्टरमाईनचं इंजेक्शन व्यायामशाळेतल्या पोरांना विकलं जात असल्याचं पुण्यात उघडकीला आलं. हे थांबलंच पाहिजे. पण हा चोरबाजार आहे, आणि चोरबाजाराला वही लागत नाही. ती लिहितो प्रामाणिक दुकानदार. तेव्हा वहीच्या जोरावर आपण चोराला पकडत नाही आणि प्रामाणिकाला बोलायला लावत नाही.

याच्या उलट टोक पाहा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आली, आणि परवान्यांचं जंजाळ आलं. परिणाम असा झाला की दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. हा तोच देश, जिथे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि नीमच व गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत. अफू आपली, आणि कर्करोगाने तळमळणारा माणूसही आपलाच. दोघांच्या मध्ये कायदा उभा राहिला. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हा प्रश्न लावून धरला. अखेर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन यांसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती देण्याची वाट सोपी झाली.

कागदावर सोपी झाली. आजोबांच्या मुलाला मॉर्फिनसाठी दर खेपेला लोणावळ्याहून लोकल पकडून पुण्याला जावं लागलं. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी. तरीही त्या रुग्णालयाविषयी त्याची तक्रार नव्हती. तिथे त्याला बसवून सांगितलं होतं: गोळी दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायची. बद्धकोष्ठता होणारच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. मळमळ बहुधा थोड्या दिवसांत कमी होईल. फार गुंगी आली, श्वास मंद वाटला तर लगेच फोन. गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि उरलेल्या परत आणून द्यायच्या. दहावी नापास मुलाने हे सगळं मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. आजोबांचे शेवटचे दोन महिने शांत गेले.

यातून निघणारा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. सगळ्यात कडक बंधन असलेलं औषध त्या घरात सगळ्यात सुरक्षितपणे वापरलं गेलं, कारण ते देताना कुणीतरी बोललं. तुलनेने सोपं म्हणून दुकानात मिळालेलं औषध धोकादायक ठरलं, कारण ते देताना कुणीच बोललं नाही. सुरक्षितता कुलपामुळे आली नाही. कुलूप उघडून औषध देणाऱ्याने ते कसं वापरायचं हे शिकवलं, म्हणून ती आली.

आता आक्षेप. ते खरे आहेत, म्हणून त्यांची उत्तरं द्यायला हवीत.

पहिला आक्षेप दुकानदारांचा: वेळ कुठे आहे? संध्याकाळी सात ते नऊमध्ये चाळीस गिऱ्हाइकं येतात, प्रत्येकाला व्याख्यान द्यायचं का? नाही. ताप-सर्दीच्या गोळीला कुणी व्याख्यान मागत नाही. झोपेची गोळी देताना मात्र चार वाक्यं पुरतात: 'डॉक्टरांनी सांगितलंय तितकेच दिवस घ्या. हिच्याबरोबर दारू नको, श्वासावर परिणाम होतो. रात्री उठताना भिंत धरून उठा, तोल जातो. बरीच वर्षं घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.' घड्याळ लावून पाहा, अर्धं मिनिट लागतं. सुट्टे पैसे शोधायला याहून जास्त वेळ जातो.

दुसरा आक्षेप: लोकांनाच नको असतं. हाही अर्धा खरा. 'ताई, ती पांढरी झोपेची द्या एक पाकीट.' 'चिठ्ठी आहे का, मावशी?' 'चिठ्ठी कशाला? रोजचीच आहे.' हा संवाद मी हजार वेळा केला असेल. 'रोजचीच आहे' हे मावशींना परवान्यासारखं वाटतं. मला तो धोक्याचा इशारा वाटतो. काही आठवड्यांसाठी दिलेली गोळी सहा वर्षं रोजची झाली, याचाच अर्थ तिच्याशी कुणी बोललेलं नाही. आणि नकार दिला की मावशी पुढच्या दुकानात जाते, हेही मला माहीत आहे. नुसता नकार म्हणजे समुपदेशन नव्हे. 'आज गोळी देता येणार नाही, पण एकदम बंदही करू नका, हा डॉक्टरांचा दवाखाना, उद्या सकाळी जाऊन या' असं सांगणं हे काम आहे. चिठ्ठी नाही म्हणून हाकलणं आणि चिठ्ठी नसताना देणं, या दोन्हींत रुग्ण एकटाच पडतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात सूचीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरलेला आहे. म्हणजे दुकानाची कमाई विकलेल्या गोळीवर. न विकलेल्या गोळीवर, रोखलेल्या चुकीवर, दिलेल्या सल्ल्यावर दमडी नाही. ज्या माणसाने सहा वर्षांची गोळी कमी करायला मदत केली, त्याचं नुकसान झालं आणि ज्याने निमूट पाकीट सरकवलं त्याचा फायदा झाला. ही रचना ठेवून फार्मासिस्टला नैतिकतेचे धडे देणं हा ढोंगीपणा आहे. मग मालकही हिशेब करतो: बोलणारा फार्मासिस्ट पगारावर ठेवण्यापेक्षा त्याचं प्रमाणपत्र भाड्याने घेऊन भिंतीवर टांगणं स्वस्त. मलाही अशी मागणी आली होती. 'ताई, तुम्ही यायची गरज नाही, फक्त सर्टिफिकेट द्या, महिन्याला पाकीट घरपोच.' मी नाही म्हटलं. त्या दुकानाला प्रमाणपत्र दुसरीकडून मिळालं असणार, कारण दुकान चालूच राहिलं.

२०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते, तेव्हा त्यांनी फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाईचा धडाका लावला होता. संघटनांनी विरोध केला, बंद पुकारले. महाराष्ट्रात हा विषय तेवढा एकदाच खऱ्या अर्थाने चर्चेत आला. पण तेव्हाही वाद एवढ्यावरच अडला की फार्मासिस्ट दुकानात असावा की नसावा. असला तर त्याने काय करावं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. पुढे २०१८ मध्ये ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा देशभर दुकानं बंद राहिली. संगणकावरून औषध विकलं तर चिठ्ठी तपासणार कोण, गैरवापर रोखणार कोण, असं तेव्हा विचारलं गेलं. प्रश्न अगदी बरोबर आहे. फक्त तो आपल्या काउंटरलाही विचारायला हवा. डब्यातून पाठवलेली गोळी आणि न बोलता सरकवलेली गोळी यांत फरक कोणता? आपण बोललो तरच आपण त्या डब्यापेक्षा वेगळे. नाही बोललो तर डबा जिंकणार, आणि तो दारात येतो.

डॉक्टरांनाही सूट देता येत नाही. स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देण्याची मुभा त्यांना कायद्याने आहे. खेड्यात ती सोयीचीही आहे. पण कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या, नाव नाही, तारीख नाही, 'ही सकाळी, ही रात्री' एवढंच. उद्या त्या माणसाला दुसऱ्या दवाखान्यात नेलं तर तो काय घेत होता हे कुणालाच कळणार नाही. चिठ्ठीवरचं अक्षर, हा तर जुनाच विनोद. सांधेदुखीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर माणूस दगावू शकतो. 'आठवड्यातून एकदा, सोमवारी' हे मराठीत लिहायला डॉक्टरला किती वेळ लागतो? आणि ते पुन्हा तोंडाने सांगायला मला?

मागण्या मोठ्या नाहीत. एच-वनच्या वहीत एक रकाना वाढवा: रुग्ण आणखी कोणती औषधं घेतो, आणि त्याला काय सांगितलं. निरीक्षकाने वही पाहावीच, पण काउंटरवरच्या माणसालाही विचारावं: 'हे औषध तुम्ही मला कसं द्याल, सांगा.' उत्तर आलं नाही, तर भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा मालक कुठे आहे ते लगेच कळेल. झोपेच्या आणि वेदनेच्या औषधांसोबत मराठीत छापलेला कागद सक्तीचा करा, मोठ्या अक्षरांत. नियंत्रित औषधं देताना फार्मासिस्टच्या सल्ल्याचं ठरावीक शुल्क ठरवा, गोळीच्या किमतीशी न जोडलेलं. आणि प्रत्येक तालुक्यात निदान एका सरकारी रुग्णालयात मॉर्फिन आणि ते देताना बोलणारा माणूस ठेवा. मावळातल्या कर्करोगाच्या रुग्णाने वेदना कमी करायला पुण्याची लोकल का गाठावी?

एक मागणी वाचकांकडेही आहे. पुढच्या वेळी दुकानात गेलात, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन जा आणि काउंटरवर ठेवा. विचारा: 'यातलं काय कशासाठी आहे? काय एकत्र घ्यायचं नाही?' समोरचा माणूस उत्तर देऊ लागला, तर मागच्या रांगेकडे बघू नका, पूर्ण ऐका. तो गोंधळला, तर विचारा: 'फार्मासिस्ट कोण आहेत? त्यांना बोलवा.' तो प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला गेली ऐंशी वर्षं कायद्याने आहे.